पन्नाशीतली तक्रार फक्त मनाची नसते

एकांनी लिहिलंय की पन्नाशीत लिंगाची ताठरता कमी झाली तर तो ताणच असतो, सुट्टी घ्या, बरं होईल. पहाटे नीट ताठरता येणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे बरेचदा लागू पडतं. पन्नाशीत हळूहळू वाढलेला त्रास मात्र असा सोडून देऊ नका, कळकळीने सांगतो. लिंगातल्या धमन्या जेमतेम १-२ मिमी रुंद, हृदयाच्या ३-४ मिमी. मधुमेह, रक्तदाब, तंबाखूने धमन्यांचं आतलं अस्तर बिघडलं की नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, धमन्या सैलावत नाहीत, आणि अरुंद धमनी आधी तक्रार करते. कधीकधी छातीत दुखू लागण्याच्या दोन-चार वर्षं आधी! म्हणून साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासून घ्या. नेहमीच्या फिजिशियनकडे गेलात तरी चालेल, भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातवाल्यांकडे नको.

आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा, म्हणजे ताठरतेची गोळी) मित्राकडून मागून घेऊ नका. सॉर्बिट्रेटसारखं, हृदयामुळे छातीत दुखण्यावरचं नायट्रेट औषध चालू असेल तर दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा घसरू शकतो. छातीत दुखून दवाखान्यात जावं लागलं, तर ही गोळी घेतली आहे हे डॉक्टरांना न लाजता सगळ्यात आधी सांगा.