'फॉर्म हा पेपरवाल्यांचा शब्द': ओवेन फॅरेल, लायन्स आणि निवडीचा हिशेब

टॅफकाठचा (धागालेखक)

परवा लायन्सच्या (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड यांच्या एकत्रित रग्बी संघाच्या) 2025च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या धाग्यावर जुना_हुकर यांनी लिहिलं: "फॉर्म हा पेपरवाल्यांचा शब्द आहे. संघ माणसांवर उभा राहतो. ओवेन फॅरेलला बोलावलं ते बरोबरच होतं, आणि ज्यांना त्यात फक्त बापलेक दिसतात ते कधी मैदानात उतरलेले नाहीत." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी मैदानात उतरलेलो नाही, मान्य. पण मी कोल्हापूरचा आहे, तालमीच्या दारात वाढलो. गेल्या सालची गदा दाखवून यंदाची कुस्ती मिळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

झालं काय ते बघा. रेड्स या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध लायन्सच्या एलियट डेलीचा हात मोडला. तोवर तो छान खेळत होता. त्याच्या जागी प्रशिक्षक अँडी फॅरेलनी बोलावलं कोणाला, तर स्वतःच्या मुलाला, ओवेनला. 2023च्या विश्वचषकानंतर या माणसाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. रेसिंग 92 या फ्रेंच क्लबाकडे एक हंगाम काढला, त्यातही दुखापती, आणि करार पुरा न करता इंग्लंडच्या सॅरासेन्सला परत. तो आला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीनपैकी दुसऱ्या टेस्टला थेट बेंचवर बसला. मग फिन स्मिथचं काय? 2025च्या फेब्रुवारीत ट्विकेनहॅमला इंग्लंडने फ्रान्सला 26-25 हरवलं. दहा नंबरवर (फ्लायहाफ, खेळ चालवणारा; ओवेनचीही जागा) त्या पोराची ती पहिलीच सुरुवात होती. शेवटच्या मिनिटांत डेलीला ट्रायसाठी (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवायला) पास त्याचा, त्यावरची कन्व्हर्जनची किकही त्याचीच. दौऱ्यावर तो पहिल्या दिवसापासून होता. तिन्ही टेस्ट त्याने बाहेर बसून पाहिल्या.

आणि हेन्री पोलॉक? वीस वर्षांचा, तेव्हा नावावर इंग्लंडची एक कॅप (आंतरराष्ट्रीय सामना). ती एक कॅप आमच्या कार्डिफात, 15 मार्चला, बेंचवरून येऊन दोन ट्राय. त्या दिवशी आम्ही वेल्सवाले 68-14 हरलो, मी स्टँडमध्ये होतो, कसा विसरेन. पोलॉकला लायन्समध्ये घेतलं ते फॉर्मवरच ना? योग्यच केलं. मग एकाला फॉर्म लागू आणि दुसऱ्याला नाही, हे कोणत्या न्यायाने?

जुना_हुकर

माझं वाक्य पूर्ण दिलंत, त्याबद्दल आभार. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

112 कॅप्स. 1,237 गुण, इंग्लंडसाठी इतके कोणीच केलेले नाहीत. लायन्सचा चौथा दौरा. असा माणूस खोलीत आला की बाकीच्यांचे खांदे सरळ होतात. मी आझाद मैदानाच्या कडेला, जुलैच्या पावसात, घोट्यापर्यंत चिखलात रग्बी खेळलोय. शेवटच्या दहा मिनिटांत दम संपतो, डोकं चालत नाही, तेव्हा कोण काय सांगतोय यावर सगळं अवलंबून असतं. ते कुठल्या आकड्यात येत नाही.

उदाहरण हवं? हँड्रे पोलार्ड, 2023चा विश्वचषक. पोटरीच्या दुखापतीमुळे दक्षिण आफ्रिकेच्या मूळ 33 जणांत नाव नाही. स्पर्धा सुरू झाल्यावर बोलावला. त्याच दहा नंबरचा मानी लिबॉक बहरात होता, सगळे त्याच्या प्रेमात होते. इंग्लंडविरुद्धच्या सेमीत लिबॉकला पहिल्या हाफमध्येच काढलं, पोलार्ड आला, 78व्या मिनिटाला जवळजवळ अर्ध्या मैदानावरून पेनल्टी मारली, 16-15. फायनल न्यूझीलंडविरुद्ध 12-11, बाराच्या बारा गुण पोलार्डचे. फॉर्म बघत बसले असते तर कप ऑकलंडला गेला असता.

दुसरं. लायन्सचा बारा नंबर (इनसाइड सेंटर) तुइपुलोटू दुसऱ्या टेस्टआधी जायबंदी झाला. आकीला बेंचवरून उचलून सुरुवातीला घ्यावं लागलं. आता बेंचवर दहा आणि बारा दोन्ही सांभाळणारा लागतो. फिन स्मिथ चांगला आहे, पण बारा नंबरला वॅलाबीजची (ऑस्ट्रेलियाची) टक्कर तो किती खातो?

टॅफकाठचा

बारा नंबरचं मान्य. तो मुद्दा मी लिहिताना धरला नव्हता. पण बेंचची अडचण दुसऱ्या टेस्टच्या आठवड्यात आली. बोलावणं त्याच्या आधीचं आहे.

आणि पोलार्डची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. तो कोणाच्या जागी आला? मॅल्कम मार्क्सच्या. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम हुकरच्या (लाईनआउटला, म्हणजे बाजूरेषेवरून, चेंडू आत टाकणाऱ्याच्या) जागी फ्लायहाफ. मग फायनलला काय झालं? तीन-चार मिनिटांत आफ्रिकेचा हुकर म्बोनाम्बी जायबंदी होऊन गेला आणि डिऑन फुरी, त्या काळात मुख्यतः फ्लँकर, उरलेला जवळजवळ सगळा सामना हुकर म्हणून खेळला. लाईनआउटचे हाल आठवा. समोर सॅम केनला लाल कार्ड मिळालं, न्यूझीलंड चौदांवर खेळलं, तरी एका गुणाने वाचले. कप मिळाला म्हणून निवड बरोबर ठरत नाही. तुम्ही स्वतः हुकर, आणि हे तुम्हाला दिसू नये याचं वाईट वाटतं.

जुना_हुकर

फुरीचं म्हणाल तर, हो. तो सामना बघताना प्रत्येक थ्रोला माझा जीव वर-खाली होत होता. ती जोखीम मी घेतली नसती. एवढं लिहून देतो, पुढे नाही.

ट्विकेनहॅमचे_तात्या

बापलेक सोडा हो. खरा अन्याय इंग्लंडच्या जॅक विलिसवर झालाय आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. 2022 मध्ये त्याचा क्लब वॉस्प्स बुडाला, बेकार झाला, फ्रान्सच्या टुलूजला गेला. तिथे युरोपातला चॅम्पियन्स कप जिंकला, टॉप 14 ही फ्रेंच लीग जिंकली. युरोपात त्याच्याइतका चेंडू हिसकावणारा फ्लँकर दाखवा. पण इंग्लंडचा नियम: परदेशी क्लबात असाल तर 'अपवादात्मक परिस्थिती' असल्याशिवाय घेणार नाही. बरं, लायन्सला तर तो नियम नाही! त्याच टुलूजच्या ब्लेअर किंगहॉर्नला टॉप 14ची फायनल आटपून येईपर्यंत वाट बघितली. किंगहॉर्न चालतो, विलिस चालत नाही. फॉर्मवर बोलायचं तर आधी यावर बोला.

टॅफकाठचा

तात्या, विलिसवर एकशे एक टक्के सहमत. पण परदेशी नियमाचं आम्हाला सांगू नका. वेल्सने परदेशी क्लबात खेळणाऱ्यांना 60 कॅप्सची अट घातली, 2023 मध्ये खेळाडू संपावर जायची वेळ आल्यावर 25 वर आणली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सलग 18 टेस्ट हरलो. माझा क्लब, कार्डिफ, 2025च्या एप्रिलमध्ये प्रशासकाच्या हातात गेला आणि वेल्श युनियनने विकत घेतला. 38 जणांच्या लायन्समध्ये आमचे दोघे. टोमोस विल्यम्स पर्थलाच जायबंदी झाला. उरला जॅक मॉर्गन, त्याला पहिल्या टेस्टच्या 23 मध्येही जागा नाही. 1896 नंतर प्रथमच लायन्सच्या टेस्टमध्ये एकही वेल्श माणूस नव्हता. माझ्या शेजारच्या आजोबांनी त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही.

पुणेरी_प्रॉप

सगळे गोल गोल फिरताय. प्रशिक्षक बाप आहे आणि यादीत मुलगा आहे, याला आमच्याकडे एकच शब्द आहे: वशिला. 112 कॅप्स असोत की 1,200.

मी सतरा वर्षांचा असताना राज्याच्या संघाची निवड चाचणी दिली. दोन दिवस. स्क्रमला (दोन्ही बाजूंच्या ढकलाढकलीत) मला कोणी हलवू शकलं नाही. संध्याकाळी यादी लागली, त्यात माझं नाव होतं. मी एसटीडी बूथवरून घरी फोन केला, आईने शेजारी पेढे वाटले. सकाळी गेलो तर यादी नवी. माझ्या जागी निवड समितीतल्या एका गृहस्थांचा मुलगा. विचारलं तर म्हणाले, "टायपिंगची चूक होती." मी खेळणं सोडलं. आज 44 वर्षांचा आहे, ती यादी ओळीने म्हणून दाखवतो.

त्यामुळे 'खोलीत आला की खांदे सरळ होतात' वगैरे मला सांगू नका. ज्याचं नाव खोडलं त्याचे खांदे कसे होतात ते विचारा.

मीरा_डब्लिन

प्रॉप, वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण उलटी बाजूही असते, ती माझी आहे.

माझे बाबा खो-खोचे प्रशिक्षक. सांगली जिल्ह्यात त्यांच्या हाताखाली किती मुली तयार झाल्या याची गणती नाही. त्यात मीही. माझ्या वेळच्या चाचणीत बाबा निवड समितीवर होते. पहिल्या डावात मी तीन मिनिटं पळाले, नंतर खांबावर सूर मारून दोन गडी टिपले. त्या दिवशी माझ्याइतकं कोणी खेळलं नव्हतं, हे बाकीच्या मुलीच म्हणत होत्या. रात्री यादी आली. माझं नाव नाही. ते बाबांनी स्वतः कापलं होतं. म्हणाले, "उद्या कोणी बोट दाखवायला नको."

सहा महिने मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. पुढे कळलं की त्यांनी माझा खेळ तोललाच नव्हता. स्वतःचं नाव तोललं होतं. म्हणून अँडी फॅरेलनी लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही, याचा मला राग येत नाही. इथे आयर्लंडचा संघ त्यांनी कसा बांधला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लायन्समध्ये 15 आयरिश घेतले म्हणूनही बोलणी खाल्ली त्यांनी. मुलगा लायक असेल तर मुलगा आहे म्हणून त्याला मागे ठेवणं हाही अन्यायच.

पुणेरी_प्रॉप

ताई, तुम्हाला निदान घरी जाऊन भांडता आलं. मी कोणाशी भांडायचं होतं?

मीरा_डब्लिन

भांडता आलं नाही हो. आमच्या घरात बाबांशी कोणी भांडत नसे. आणि दुःखाची तुलना करायला मी लिहिलं नव्हतं. तुम्ही सगळ्या बापांना एका काठीने हाणत होता, म्हणून लिहिलं.

पुणेरी_प्रॉप

हाणणारच. तुमचे बाबा लाखात एक. बाकी नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव जणांनी पोराला आत घातलंय. शाळेच्या संघापासून हेच चाललंय, आणि शहाणी माणसं त्याला 'अनुभव' म्हणतात, 'नेतृत्व' म्हणतात. हुकरसाहेब, तुम्ही कधी निवड केली आहे का? तुमच्या यादीतून कोणाचं नाव उडालं ते आठवतं का?

जुना_हुकर

सूर जरा खाली घ्या. उत्तर देतो.

दोन वर्षं मी आमच्या संघाची निवड केली. माझा सख्खा मित्र, फुलबॅक, गुडघा दुखावून परत आला होता. पळायचा कसाबसा. एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्या महिन्यात उंच चेंडू एकही सोडत नव्हता. मी मित्राला घेतलं. तेव्हाही हेच म्हणालो होतो, की मोठ्या सामन्यात अनुभव लागतो. मित्राने दोन चेंडू सोडले, आम्ही हरलो. मुलगा पुढच्या मोसमात दिसला नाही. त्याच्याशी मी एकदाही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

हे सांगून मी ओवेनवरचं मत बदललेलं नाही. तो त्या दौऱ्यावर हवाच होता. पण 'पेपरवाल्यांचा शब्द' हे मी तावातावाने लिहिलं. त्या मुलासाठी फॉर्म म्हणजे त्याचा अख्खा महिना होता.

ट्विकेनहॅमचे_तात्या

आणि विलिससाठी अख्खी तीन वर्षं.

टॅफकाठचा

हुकरसाहेब, हे लिहिलंत ते सोपं नव्हतं. मग मीही माझ्या बाजूचं देणं फेडतो. मेलबर्नची टेस्ट काल रात्री पुन्हा पाहिली. लायन्स 23-5 ने मागे होते. नव्वद हजार माणसं, सगळं हातातून गेल्यासारखं. ओवेन दुसऱ्या हाफमध्ये आला, आणि नंतर खेळाला जरा धीर आला. प्रत्येक थांब्याला तो काहीतरी सांगताना दिसतो. शेवटच्या मिनिटाला लायन्सच्या कीननची ट्राय, 29-26, मालिका खिशात. त्या ट्रायच्या आधीचा रक (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झटापट) मात्र आमच्या जॅक मॉर्गनने साफ केला. ऑस्ट्रेलियावाले अजून त्याला फाउल म्हणतात, म्हणोत बापडे. ज्याला त्याने धडकून बाजूला केलं त्या टिझानोच्या जागी मी असतो तर मीही मान धरून पडलो असतो.

म्हणजे ओवेनने काम केलं. नाइलाजाने का होईना, मान्य. तरी फिन स्मिथला का नाही, याचं खेळातलं कारण मोकळेपणी सांगायला हवं होतं, आणि तेही बापाऐवजी दुसऱ्या प्रशिक्षकाने. इतक्या साध्या गोष्टीने निम्मी तोंडं बंद झाली असती.

मीरा_डब्लिन

हे पटलं. वाचून बाबांना फोन केला. ते आता 81 वर्षांचे आहेत. विचारलं, तेव्हा माझं नाव कापलं ते चुकलं का? म्हणाले, "तुझ्या जागी गेलेल्या मुलीने एकही सामना वाया घालवला नाही." मला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. पण ती चांगलीच खेळली होती, तेव्हाही मला दिसलं होतं. प्रॉप, तुमच्या जागी जो गेला, तो कसा खेळायचा?

पुणेरी_प्रॉप

हे मला कोणी विचारलं नव्हतं.

वाईट नव्हता. माझ्यापेक्षा हलका, पण तंत्र बरं होतं. चाचणीत एकदा त्याने मला खालून उचललं होतं, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. दुपारी सगळ्यांसमोर उभं करून म्हणाले असते की याचं बाइंडिंग (स्क्रममधली पकड) तुझ्यापेक्षा चांगलं आहे, तर मी रडलो असतो आणि पुढच्या वर्षी परत आलो असतो. पण यादी रात्रीतून बदलली. तेवढं मी सोडणार नाही.