मदत हवी आहे: जर्मनीहून पॉइंट २२ रायफल मागवायची आहे, निर्यातीचे नियम बदलताहेत म्हणे. थांबू की पैसे भरू?

करवीरकर:
नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे परदेशात राहणारे आणि नेमबाजीतले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

माझी मुलगी ५० मीटर थ्री पोझिशन खेळते. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून कोल्हापुरात हा प्रकार काय असतो ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. तिला 'रिनाउन्ड शॉट'चा (स्पर्धांतल्या कामगिरीवर नेमबाजाला मिळतो तो) दर्जा मिळालाय. आजवर क्लबच्या रायफलवर भागवलं, पण आता स्वतःची हवीच असं सर म्हणतात. रायफल उल्मची घ्यायची हे नक्की. वाल्थर की आन्शुट्झ यावर घरात रोज वाद होतो, तो कृपया इथे सुरू करू नका. दोन्ही कारखाने एकाच गावातले, इतकं पुरे.

जर्मनीतल्या एका विक्रेत्याने कोटेशन पाठवलंय. ३० टक्के आगाऊ, बाकीचे माल निघायच्या आधी. तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की निर्यातीचे नियम बदलले किंवा परवाना नाकारला गेला, तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.

आणि नेमकं आत्ताच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की युरोपने शस्त्रनिर्यातीचा नवा कायदा केलाय, आता खासगी माणसाला रायफल बाहेर पाठवणारच नाहीत. दुसरीकडे मुलीचा मामा टेक्सासमध्ये असतो. तो म्हणतो, "ताई, अमेरिकेने २०२५ मध्ये निर्बंध उठवले. मी इथे घेतो आणि दिवाळीला येताना सामानातून आणतो, कशाला जर्मनीच्या नादी लागतेस?" यजमानांना तेच पटलंय, कारण पैसे वाचतील असं वाटतं.

तर युरोपचा तो नियम खरंच आड येतो का? मामाचं म्हणणं कितपत बरोबर? मुलगी सरावासाठी जर्मनीला जाणार आहे, तेव्हा तिनेच रायफल ताब्यात घेऊन विमानाने आणली तर चालेल का? आणखी एक कोडं आहे. विक्रेता म्हणतो आधी भारताची आयात परवानगी द्या. इकडे एकजण म्हणतो परवानगीसाठी रायफलचा नंबर लागेल. विक्रेता पैसे भरल्याशिवाय नंबर देत नाही. यातून वाट कशी काढायची?

टेक्सासकर:
ताई, आधी मामांना थांबवा. बाकीचं नंतर.

त्यांनी ऐकलं ते अर्धं खरं आहे. इथे गेल्या काही वर्षांत नियम फिरत राहिलेत. मार्च २०२० मध्ये साध्या बंदुकांच्या निर्यातीचं काम परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बऱ्याच देशांतल्या बिगरसरकारी ग्राहकांसाठीचे नवे परवाने थांबवले. २०२४ च्या मे अखेरीस कडक नियम लागू झाले: परवान्याची मुदत सर्वसाधारणपणे चार वर्षांवरून एक वर्षावर आली, धोक्याच्या म्हणून ठरवलेल्या देशांना 'नकार हेच गृहीत', आणि तिथले आधी दिलेले काही परवानेही रद्द. त्या यादीत नेपाळ, पाकिस्तान होते, भारत नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो नियम मागे घेतला. मामा म्हणतात ते हेच.

पण मागे गेला तो २०२४ चा वाढीव कडकपणा. परवाना घ्यायचा ही मूळ अट जागेवरच आहे. प्रवाशाला स्वतःच्या बंदुका सोबत नेण्याची एक सवलत असते खरी, पण ती त्याच्या स्वतःच्या वापरापुरती. दुसऱ्याला द्यायची म्हणून नेली की ती सवलत संपली. त्याहून मोठी भानगड दुकानातच आहे. तिथे जो फॉर्म भरतात त्यात 'खरा खरेदीदार तुम्हीच का' असा प्रश्न असतो. पैसे तुमचे, खरेदी भाचीसाठी आणि उत्तर 'हो' लिहिलं, तर तो गुन्हा. आणि ज्याला बंदूक बाळगायची मनाईच आहे अशा माणसासाठी लपून खरेदी केली, तर २०२२ च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. भाऊबीज महागात पडेल.

करवीरकर:
बापरे. हा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. मामा प्रकरण बंद.

नेकारकाठ:
मी श्टुटगार्टजवळ असतो आणि इथल्या क्लबात खेळतो, म्हणून युरोपचं सांगू शकतो.

ग्रुपवरची बातमी खोटी नाही, पण तिचा अर्थ चुकीचा लावलाय. आत्ता चालतो तो २०१२ चा २५८ क्रमांकाचा नियम. त्याच्या जागी २०२५ चा ४१ क्रमांकाचा नियम आलाय, पण तो प्रत्यक्ष लागू व्हायचाय फेब्रुवारी २०२९ मध्ये. त्यात परवाने संगणकावरून देण्याची पद्धत वगैरे आहे. खासगी खेळाडूला रायफल पाठवायचीच नाही असं त्यात नाही. तुमचा अर्ज जुन्या नियमाखालीच जाईल, निर्धास्त राहा.

जुन्या नियमाची गंमत अशी की त्यात हवेवर चालणारी शस्त्रं येतच नाहीत, कारण बंदुकीच्या व्याख्येत जळणारी दारू लागते. त्यामुळे १० मीटरची एअर रायफल मागवलेल्या पालकांचा अनुभव तुम्हाला उपयोगी नाही. ते म्हणतील "आम्हाला युरोपातून काहीच त्रास झाला नाही", आणि ते खरं असेल. पॉइंट २२ मात्र यात येते. ती रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात होऊन उडणारी) असल्यामुळे लष्करी मालाच्या यादीतून सुटते, पण नागरी बंदुकांच्या निर्यात परवान्यातून सुटत नाही.

परवाना देणारं कार्यालय फ्रँकफर्टजवळ एश्बोर्नला आहे, बाफा म्हणतात त्याला. अर्ज विक्रेता करतो, तुम्ही नाही. नियमाप्रमाणे निकालाला जास्तीत जास्त ६० कामाचे दिवस, सबळ कारण असेल तर ९०. कामाचे दिवस म्हणतोय, म्हणजे ९० धरले तर चार महिन्यांहून जास्त. आणि निर्यात परवान्याची मुदत तुमच्या भारतीय आयात परवानगीच्या मुदतीपलीकडे जात नाही. खरी मेख इथे आहे. परवानगी हातात आली आणि तुम्ही वाल्थर की आन्शुट्झ करत दोन महिने काढले, तर ते दोन महिने तिकडून कापले गेले.

तुमच्या नंबरच्या कोड्याला याच नियमात उत्तर आहे. शस्त्रावरचा क्रमांक 'उशिरात उशिरा माल पाठवण्याआधी' नोंदला गेला तरी चालतो. विक्रेत्याला हे माहीत असतं, तो फक्त पैशाच्या बाजूने बोलतोय. आयातीच्या अर्जात कंपनी, प्रकार, कॅलिबर नीट लिहा. मॉडेलचं नाव फार काटेकोर घातलंत आणि कारखान्याने त्या वर्षी बटाचा (खांद्याला टेकवतात त्या भागाचा) प्रकार बदलला, तर कागद पुन्हा करावा लागेल.

मुलीने स्वतः आणण्याबद्दल: स्पर्धेला येताना आणलेली स्वतःची रायफल परत नेण्यासाठी सोपी पद्धत आहे. पण इथे नवीन विकत घेतलेली रायफल म्हणजे निर्यातच. ती कुणाच्या हातून जाते याने फरक पडत नाही, परवाना लागतोच. परवाना असेल तर हातानेही नेता येईल, पण विमान कंपनीची संमती आधी लेखी घ्या.

जुनाखेळाडू:
वरच्या प्रतिसादाला माझा दुजोरा. भारताची बाजू थोडक्यात. सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करायची सोय ऐंशीच्या दशकातच बंद झाली. खेळाडूंसाठी दार उघडं आहे ते दर्जावर आणि एनआरएआयच्या (राष्ट्रीय रायफल संघटनेच्या) शिफारशीवर. शुल्कातली सूटही त्याच दर्जावर ठरते, तेव्हा ती गृहीत धरून कर्ज काढू नका. आधी लेखी घ्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रं ही मर्यादा आली तेव्हा घबराट झाली होती, पण खेळाडूंसाठी २०२० मध्ये वेगळी अधिसूचना निघून मर्यादा उलट वाढली. तुमच्या एका रायफलला काही अडचण नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न कायद्याचा नाहीच. कोटेशनच्या तळची ती ओळ हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या गोष्टीत वर वाचलंत ना, हातात पडलेले परवानेही रद्द झाले होते. असं युरोपात होईल असं मी म्हणत नाही. पण नियम बदलण्याचा सगळा धोका कोल्हापुरातल्या आईच्या डोक्यावर आणि विक्रेता कोरडा, हे मान्य करू नका. परवाना न मिळण्याची सगळी कारणं त्याने एकाच वाक्यात बांधलीत, ती दोन भागांत वेगळी करून घ्या. तुमच्याकडून कागद उशिरा गेले आणि मुदत संपली, तर त्याने काही रक्कम कापावी, ते रास्त आहे. परवानाच नाकारला, तर किरकोळ खर्च वजा करून पैसे परत आलेच पाहिजेत. रायफल त्याच्या कपाटातच आहे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला विकेल तो. तयार नसेल तर दुसरा विक्रेता बघा, किंवा चार खेळाडू मिळून संघटनेमार्फत मागवा.

सहारकार्गो:
क्लिअरिंगच्या धंद्यात उभा जन्म गेला, म्हणून दोन शब्द. थेट विमानाचा आग्रह धरा, फ्रँकफर्ट ते मुंबई. मध्ये तिसऱ्या देशात माल उतरवून दुसऱ्या विमानात चढवला, की त्या देशाची हरकत नाही ना हे जर्मनीला आधी विचारावं लागतं, आणि त्यासाठी वीस कामाचे दिवस वाट बघतात. शे-दीडशे युरो वाचवायला आखाती मार्गाने पाठवलेला माल महिनाभर रखडलेला पाहिलाय.

दुसरं म्हणजे नाव. पासपोर्ट, शस्त्र परवाना, आयात परवानगी आणि एअरवे बिल (विमानाने माल पाठवल्याचा कागद) यांवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच हवं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असं असलं, तर सहारला, मुंबई विमानतळाच्या मालगोदामात, पेटी पडून राहते आणि डेमरेज (माल न सोडवल्याचं भाडं) रोज चढतं. पेटी यायच्या आधी कागदांची एक प्रत एजंटकडे असू द्या, पेटी आल्यावर एजंट शोधू नका.

करवीरकर:
मनापासून आभार सगळ्यांचे. नावाचं स्पेलिंग आजच तपासलं. पासपोर्टवर एक आहे आणि शस्त्र परवान्यावर वेगळं! सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. विक्रेत्याला ईमेल केलं की ती ओळ दोन भागांत तोडून द्या.

एक शेवटचा प्रश्न. सर म्हणतात गोळ्याही तिकडेच 'लॉट टेस्ट' करून घ्या. त्या रायफलसोबतच येतील का?

नेकारकाठ:
एकत्र येतील असं धरू नका. लॉट टेस्टिंग म्हणजे तुमची नळी शिकंजात बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि ज्याचा गट (कागदावरच्या भोकांचा पुंजका) सगळ्यात घट्ट येतो तो लॉट विकत घेतात. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्ये दिसण्याइतका फरक पडतो, म्हणून सर बरोबर सांगताहेत. पण गोळ्या हा परवान्यात वेगळा माल असतो, त्याची संख्या आयात परवानगीत वेगळी लिहून घ्यावी लागते. शिवाय एली निवडलीत तर कारखाना बर्मिंगहॅमचा. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथून थेट भारतात पाठवायला ब्रिटनचा निर्यात परवाना लागेल, जर्मनीचा चालणार नाही. आरडब्ल्यूएस किंवा लापुआच्या पॉइंट २२ गोळ्या जर्मनीतच बनतात, त्या विक्रेत्याच्या त्याच अर्जात बसू शकतात.

अडचण एकच. परवाना येईपर्यंत तो लॉट विकला जातो. चाचणीच्या दिवशीच विचारा की लॉट किती महिने राखून ठेवतील आणि त्याचे किती पैसे. आणि आयात परवानगीत गोळ्यांचा आकडा वर्षभराच्या सरावाला पुरेल इतका मागा.

जुनाखेळाडू:
वर्षभराचा आकडा आधी सरांकडून लिहून घ्या, आणि शस्त्र परवान्यावर गोळ्यांची मर्यादा किती आहे तीही बघा. मुलीने सांगितलेला आकडा धरू नका, त्या वयात सगळ्यांना रोज दोनशे झाडायच्या असतात.

करवीरकर:
हो, तिने आत्ताच तीनशे सांगितले. विक्रेत्याचं उत्तर आलं की इथे लिहिते.