बँकेच्या लिलावातला फ्लॅट ‘जसा आहे तसा’ घ्यावा का?

कल्याणकर:
लिलावाच्या नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द दिसले की लोक पान उलटतात. मला ते पटत नाही. भाचा डोंबिवलीत घर शोधतोय, त्याला मी मुद्दाम लिलावातले फ्लॅट बघायला लावलेत. कर्ज थकलं की बँकेला तारण विकू देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्याखाली विकायला काढलेल्या घराची राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली घेत नाहीत ती, बऱ्याचदा बाजारभावाच्या खाली असते. बोली आली नाही तर पुढच्या फेरीत ती आणखी उतरू शकते.

परवा एक फ्लॅट पाहिला. बाथरूमच्या छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या, ओट्याखाली ओल. पण दिसतंय तरी! विकण्याआधी घाईने रंग मारून ओल झाकणारा मालक मला जास्त धोक्याचा वाटतो. नोटिशीत ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल, म्हणजे घर खरोखर बँकेच्या हातात असेल, तर बेलाशक बोली लावावी. ‘सांकेतिक ताबा’ असेल, म्हणजे फक्त कागदावरचा, तर आत बहुधा माणसं राहत असतात, तिकडे फिरकूच नये.

हिशेबनीस:
अहो, दिसतं त्याची भीती नाहीच. न दिसणारी थकबाकी कोण भरणार? मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान खटल्यात सांगितलं, की नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी आधीच्या मालकाची थकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडे मागू शकते. आमच्या सोसायटीत असाच एकाने फ्लॅट घेतला. मेंटेनन्स व्याजासकट भरल्याशिवाय कमिटी भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवेना. स्वस्त पडलेलं घर तिथेच महाग झालं.

कल्याणकर:
मग सेक्रेटरीकडून थकबाकीचं पत्र आणायचं, वीजबिल, घरपट्टी बघायची आणि तेवढी रक्कम बोलीतून वजा करायची. कळलेली थकबाकी हा खर्च आहे, धोका नाही.

लोअरपरळ:
आणि पैसे कधी भरायचे ते भाच्याला सांगितलंत का? बोली मान्य झाली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, इसारा धरून २५ टक्के. बाकीचे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या वर नाही. गृहकर्ज लटकलं की भरलेले पैसे जप्त. पगारदार पोराला या भानगडीत घालू नका, कळकळीने सांगते. त्यातून जुना कर्जदार डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, गेला तर तारखांमागे धावणं आलंच.

सळई:
मी दुरुस्तीच्या कामात आहे. कल्याणकर, त्या सळ्यांना ‘दिसतंय तरी’ म्हणून सोडू नका. छताला हातोडीने हलकं ठोकत जा. बद्द आवाज आला तिथे प्लास्टर सुटलंय. हे फक्त बाथरूमपुरतं असेल तर गवंडी निस्तरेल. कॉलमला उभ्या भेगा असतील तर काम अख्ख्या इमारतीचं, एकट्या फ्लॅटमालकाच्या हातातलं नाही. इमारत तिशी उलटलेली असेल तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. तो अहवाल मागा.

लोअरपरळ:
आणि अहवालात सी-१, म्हणजे राहायला धोकादायक, असं निघालं तर? इमारत रिकामी करायची, हप्ता चालू, वर दुसरीकडचं भाडंही चालू. पुनर्विकासाच्या आशेवर किती वर्षं काढायची?

कल्याणकर:
अहवाल दाखवत नाहीत तिथे बोली लावायची नाही आणि कर्जाची तत्त्वतः मंजुरी आधी घ्यायची, हे मान्य. पण ताबा बँकेकडे असेल आणि इमारत किरकोळ दुरुस्तीवर उभी राहणारी असेल, तर मी भाच्याला आजही घे म्हणेन. या भावात त्याला स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर दुसरीकडे मिळत नाहीये.