रत्नागिरीत पहिलाच दसरा-दिवाळी, सात आणि साडेतीन वर्षांच्या मुलांना घेऊन काय काय करावं?

नागपूरकरीण_आता_रत्नागिरीत

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नागपूरचे, नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून जूनमध्ये इथे आलो. पावसाळा सगळा घरातच गेला, कपडे वाळत नाहीत, मुलं खिडकीत बसून कंटाळली. आता आकाश मोकळं झालंय तर बाहेर पडायची खूप इच्छा आहे.

मुलीला शाळेतून ऑटम अ‍ॅक्टिव्हिटी दिली होती, लाल-नारिंगी पानं गोळा करून कागदावर चिकटवून आणा म्हणून. आम्ही कॉलनीभर फिरलो, आंबा फणस काजू सगळं हिरवंगार! शेवटी तिने विचारलं की आई इथे ऑटम येतच नाही का, आणि मला नीट उत्तरच देता येईना. तेव्हापासून डोक्यात आहे की इथली मुलं या दिवसांत जे करतात ते आपल्याही मुलांनी करावं. फ्लॅटमध्ये राहतो, विचारायला कुणी आजी-आजोबा जवळ नाहीत. दसरा ते तुळशीचं लग्न एवढ्या दिवसांत काय काय असतं इकडे? फिरायला स्कूटर आहे, गाडी नाही. धाकटा दहा मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही, आणि समुद्राची मला जरा भीतीच वाटते, तेही लक्षात घेऊन सांगा प्लीज.

खळ्यावरची

अगो, पानगळ इथे शिशिरात, तेव्हा बघ कशी पतेऱ्याने, म्हणजे वाळक्या पानांनी, परसू भरून जाते ती. आता आश्विनात पानं शोधून कशी मिळतील. आता भात बघायचं असतं. लेकीला सांग की इथला शरद झाडावर नाही, शेतात दिसतो, आणि शाळेच्या कागदावर भाताची लोंबी चिकटवून दे, बाईंनाही आवडेल.

मी संगमेश्वराकडची, घरची शेती आहे म्हणून सविस्तर सांगत्ये. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं भात दसऱ्याच्या आसपास कापायला येतं, निमगरवं त्याच्या मागून आणि गरवं अगदी दिवाळी धरून, म्हणजे महिनाभर कुठे ना कुठे कापणी सापडणारच. शहरातून स्कूटरवर थोडं बाहेर पडलात तरी रस्त्याच्या कडेला दिसेल. मुलांना कापणी "दाखवायला" मात्र नेऊ नकोस, लांबून बघून ती पाच मिनिटांत कंटाळतात. शेतकऱ्याला विचारून काहीतरी काम दे. आमच्याकडे पोरांचं ठरलेलं काम म्हणजे सरवा वेचणं. भारे बांधून उचलले की खाली लोंब्या सांडलेल्या राहतात, त्या एकेक वेचून टोपलीत टाकायच्या. साडेतीन वर्षांचं पोर हे काम मोठ्या माणसापेक्षा बरं करतं कारण ते जमिनीच्या जवळ असतं आणि त्याला एकेक लोंबी सापडल्याचा आनंद होतो. मोठीला दाणा नखाने दाबून बघायला सांग. कच्चा असेल तर आतून दूध येतं, तयार असेल तर कटकन तुटतो, आणि सोलला की आत आपला तांदूळ. ताटातला भात कुठून येतो हे सात वर्षांच्या मुलीला त्या एका दाण्यात कळतं.

मग घरी आणलेल्या लोंब्यांचं नवं बांधायचं. आंब्याचं पान, लोंब्या, झेंडू, कुर्डूचं तुरेवालं फूल, सगळं एकत्र दोऱ्याने बांधून दाराला लावायचं, देवाला एक, स्कूटरला एक, अगदी लेकीच्या सायकललासुद्धा. कुणाकडे गणपतीतच बांधतात, कुणाकडे दसऱ्याला, कुणाकडे कोजागिरीला. तीच नवान्न पौर्णिमा, त्या दिवशी नव्या तांदळाची खीर किंवा भात देवाला दाखवून मग खायचा. आणि कोजागिरीला थोरल्या अपत्याची आश्विनी असते ती विसरू नकोस, लेकीला पाटावर बसवून ओवाळ, नवा फ्रॉक नाहीतर निदान रुमाल तरी दे. धाकट्याला ओवाळायचं ताट धरायला दे म्हणजे त्यालाही मान मिळेल.

दसऱ्याच्या सोन्याचं एक सांगत्ये. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानंही विकतात आणि डोंगरावरची झाडं ओरबाडून आणतात, ते मला बघवत नाही. मुलांसाठी मोजकीच पानं घ्या, आणि जमलं तर आपट्याच्या शेंगेतल्या बिया आणून पिशवीत रुजवायला लावा. रोप आलं की पुढच्या पावसात कुठेतरी लावायचं. सोनं लुटण्यापेक्षा हे मुलांच्या जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे.

भाट्येकर

वरचं सगळं छानच. मी समुद्राचं सांगतो कारण तुम्ही घाबरताय आणि लहान मुलं बरोबर असताना घाबरलेलंच बरं, पण रत्नागिरीत राहून मुलांना किनारा नाही दाखवायचा हे काही मनाला पटत नाही.

आमच्याकडचा जुना हिशोब लक्षात ठेवा. पंचांगातली तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दसऱ्याला दशमी, १० पाऊणे साडेसात, म्हणजे संध्याकाळी ७:३० ला भरती. सोनं वाटून झाल्यावर मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलात तर वाळूच शिल्लक नसेल. कोजागिरीला १५ पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास ओहोटी. त्या संध्याकाळी किनारा लांबच लांब मोकळा मिळतो, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी एरवीपेक्षा जास्त आत जातं. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येलाही हाच हिशोब. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर बघून घ्या. पण मुलीला हा गुणाकार तिच्याकडून करून घ्या, सात वर्षांची आहे, हाताने मांडून जमेल, आणि मग खरंच तेव्हाच पाणी वर येतंय का हे बघायला तिला केवढी मजा येईल.

ओहोटीला काय करायचं तर ओल्या वाळूवर बसायचं आणि हलायचं नाही. नखाएवढे छोटे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची बारीक गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती त्या गोळ्यांची अशी किरणांसारखी नक्षी तयार होते. पाऊल वाजलं की सगळे गायब. तुमचा दहा मिनिटंवाला इथे अर्धा तास बसला नाही तर बघा.

पाण्यात मात्र घोट्याच्या वर नाही, आणि हात धरूनच. पावसाळ्यानंतर वाळूचे चर बदललेले असतात, ओढ कुठे आहे ते वरून कळत नाही. गणपतीपुळ्याला तर मुलांना पाण्यात नेऊच नका, तिथे दर्शन घ्या आणि वाळूत खेळा. कोजागिरीचं दूध प्यायला आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर आलात तर सुरूच्या बनाच्या बाजूला वर बसा, नऊनंतर पाणी चढत असतं.

वेंगुर्लेकार

आमच्या सिंधुदुर्गात येवा! दसऱ्याक देवळात तरंगा निघतत, उंच काठयेक लुगडी नेसवलेली, वांगडा ढोल, पोरां डोळे फाडून बघतत.

बाकी मराठीत लिहितो नाहीतर ताईंना कळायचं नाही. आमच्याकडे नरकचतुर्दशीला चावदिस म्हणतात आणि मुलांचा खरा सण तोच. आदल्या रात्री पोरं गवत-कागद भरून नरकासुर करतात आणि पहाटे जाळतात. मग उटणं लावून आंघोळ आणि तुळशीसमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट (छोटं कडू रानफळ) फोडायचं, फटकन आवाज येतो, सगळ्यांनी गोविंदा गोविंदा ओरडायचं, आणि त्याची एक बी जिभेला लावायची. कडूजहर असते. पोरं तोंडं वाकडी करतात आणि परत मागतात! त्यानंतर नव्या भाताचे फोव, म्हणजे पोहे. गोडे, तिखट, दुधातले, दह्यातले, ताकातले, बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ, आणि वाडीतल्या घराघरात जाऊन खायचे. रत्नागिरीच्या बाजारातही दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत कारीटं विकायला येतात, थोडी जास्त घ्या. पाडव्याला त्यांना हिराच्या (माडाच्या पात्यांच्या) काड्यांचे चार पाय लावून गुरं करायची आणि शेणाचा छोटा गोठा घालून त्यात मांडायची. फ्लॅटमध्ये शेण नाही मिळालं तर लाल माती चालेल, बाल्कनीत करा. घराघरात फिरायला वाडी नसली तरी मजल्यावरच्या चार घरांना सांगून ठेवा, एकेकाने एकेक प्रकारचे पोहे करायचे, पोरं फिरून खातील.

पायी_कोकण

मी थोडं वेगळं मत मांडतो. सणाचं सगळं बरोबर, पण दिवाळीची सुट्टी मोठी असते आणि मुलांना हिंडवलंही पाहिजे. फक्त ऑक्टोबरच्या उन्हाचा हिशोब ठेवा, दहानंतर चटके बसतात आणि दुपारी तीन-चारनंतर परतीच्या पावसाचा गडगडाट होऊ शकतो. विजा चमकायला लागल्या की सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) किंवा किनाऱ्यावर थांबायचंच नाही. म्हणून काय ते सकाळी.

स्कूटरवर होण्यासारखं म्हणजे उक्षी गावचा हत्ती. सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे, गावाने त्याला कुंपण घालून वरून बघायला गोल चौथरा केलाय. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मुलांना आधी काही सांगू नका, नुसतं "यात प्राणी शोधा" म्हणा. सोंड सापडली की बाकीचा हत्ती आपोआप दिसतो. घरी आल्यावर गच्चीत खडूने तसाच काढायला द्या. सड्यावरचं गवत या दिवसांत पिवळं व्हायला लागलेलं असतं, मुलीला ऑटमचा रंग हवाच असेल तर तो तिथे आहे. दुपारचं ऊन टाळायला शहरातलं मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा धाकट्याला फार आवडेल. थिबा पॅलेसही आहे, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, १९१० मध्ये हा वाडा बांधला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. मुलीला गोष्ट सांगता येईल, धाकट्यासाठी मात्र पुढचं मोकळं आवारच पुरेसं.

सिंधुदुर्ग किल्ला अवश्य करा पण एवढ्यात नको. मालवणच्या होड्या पावसाळ्यानंतर सुरू झाल्या तरी सुरुवातीला समुद्र हलता असतो, साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन तुळशीच्या लग्नानंतर जा, पाणी शांत होतं. भर समुद्रात असून आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा विहिरी आहेत, नावं ऐकूनच मुलं खूश होतात. १६६४ मध्ये पाया घातला आणि १६६७ मध्ये पुरा झाला, २०२५ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला.

नागपूरकरीण_आता_रत्नागिरीत

बाप रे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी! मुलीने आत्ताच कागद घेऊन पाऊणकीचा पाढा लिहायला घेतलाय, नवरा शिकवतोय. कारीट हा प्रकार आम्ही कधी बघितलाच नव्हता, आमच्याकडे नाही तो. दोन शंका आहेत. शेतात सापांचं काय? आणि तुळशीचं लग्न आम्ही घरी केलेलं नाही कधी, ओळख नसताना कुणाकडे जायचं तर बरं दिसेल का?

माडाच्या_सावलीत

तुळशीच्या लग्नाला आमंत्रण लागत नाही हो. वाडीत संध्याकाळी एका घरचं लग्न लागलं की सगळी पोरं पुढच्या घरी, तिथलं लागलं की त्याच्या पुढच्या, असं रात्रीपर्यंत चालतं. तुमच्या कॉलनीच्या मागेच कुठेतरी घरं असतील, मुलांच्या मुठीत अक्षता द्या आणि जा. तुमच्या हातात वाटीभर पोहे-गूळ-खोबरं असलं म्हणजे झालं, लोक आनंदाने घेतील. आमच्याकडे नवरदेव म्हणून दिंड्याची (एका रानझुडपाची) काठी तुळशीत रोवतात, बरोबर ऊस, चिंच आणि आवळा. मध्ये अंतरपाट धरायला दोन मुलं लागतातच, तुमची मुलगी बरोबर त्या वयाची आहे, नुसतं सांगून ठेवा की हिला धरू द्या. लग्न लागल्यावर चिंचा-आवळ्यांवर पोरांची झुंबड.

आणि दिवाळीचा कंदील विकत घेऊ नका. बांबूच्या काड्या, घोटीव कागद आणि मैद्याची खळ एवढंच लागतं. सांगाडा बाबांनी बांधायचा, कागद मोठीने चिकटवायचा, खालच्या झिरमिळ्या धाकट्याने. कागद वाकडा लागला तरी परत सरळ करू नका, दिवा लावल्यावर त्यांना तो आपलाच वाटला पाहिजे.

खळ्यावरची

सापाचं विचारलंस ते बरं केलंस. कापणीत साप निघतात हे खरं आहे, उंदरांच्या मागे येतात. म्हणून मुलांनी उभ्या भातात शिरायचं नाही, उडवीच्या किंवा पेंढ्यांच्या ढिगात हात घालायचा नाही. सरवा वेचायचा तो कापून मोकळ्या झालेल्या भागातच, आणि आधी मोठ्या माणसाने फिरून बघायचं. बंद बूट, पायात मोजे. चिखलाचं साचलेलं पाणी असेल तिथे पायाला जखम असताना उतरवू नकोस, या दिवसांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. आणि घरी गेल्यावर दोघांना आधी न्हाणीत पाठव.

आमचं निमगरवं पुढच्या आठवड्यात कापायला घेऊ, पाऊस उघडला तर. तुला खरंच यायचं असेल तर मला इथेच मेसेज कर, मी रस्ता सांगत्ये. सकाळी आठपर्यंत पोचा, अकराला आम्ही उन्हामुळे थांबतो, मग खळ्यावर झोडणी बघता येईल आणि जेवूनच जायचं. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाल मुलांना, भाताचं कूस लागलं की अंगाला खाज सुटते, आणि सरव्यासाठी लेकीला तिची स्वतःची एक छोटी टोपली आणायला सांग.