भूतानचे बाराशे रुपये आणि तिथल्या मुलांची शाळा

निशिगंध (धागाकर्ती)

भूतानला जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या बोलण्यात हल्ली एक तक्रार हमखास येते. भारतीय पर्यटकाला तिथे माणशी दर रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. चार मोठी माणसे पाच रात्री राहिली, तर २४,००० रुपये नुसत्या शुल्कापोटी जातात. 'शेजारी देशाने आपल्याकडून एवढे का घ्यावे?' असा प्रश्न मग विचारला जातो.

माझ्या मते हे शुल्क योग्य आहे. भूतानने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडले, तेव्हा वर्षभरात २८७ जण आले होते. २०१९ मध्ये हाच आकडा तीन लाख पंधरा हजारांवर गेला आणि त्यांतले बहुसंख्य भारतीय होते, ज्यांना तोवर हे शुल्क लागू नव्हते. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. तिथल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमानुसार दहावीपर्यंतचे शिक्षण मोफत देणे ही राज्याची जबाबदारी आहे, आणि शुल्कातून जमणारा पैसा मोफत शिक्षण व आरोग्यसेवेला हातभार लावतो, असे सरकार सांगत आले आहे. पाहुण्याने यजमानाच्या मुलांच्या शाळेसाठी काही दिले, तर त्यात गैर काय?

मी समाजशास्त्र शिकवते. या विषयावर माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक प्रबंधांत पर्यटकांची संख्या आणि डॉलर यांचीच मोजदाद असते. वर्गात काय घडते, याकडे क्वचितच कोणी वळते. थिंफूच्या झोरिग चुसुम संस्थेत, जिथे १९७१ पासून तेरा पारंपरिक कला शिकवल्या जातात, मी एका चित्रकलेच्या वर्गात काही वेळ उभी होते. घो हा पारंपरिक झगा घातलेला एक मुलगा पेन्सिलीने आखलेल्या चौकटींवर बुद्धाच्या चेहऱ्याची मापे बसवत होता. शिक्षकांनी डाव्या डोळ्याची रेषा खोडली, त्याने ती पुन्हा काढली, त्यांनी पुन्हा खोडली. तेवढ्या वेळात तीन गट दारातून आत आले, फोटो काढून गेले, आणि त्या मुलाने एकदाही मान वर केली नाही. पर्यटन आणि शिक्षण यांची गाठ खरोखर पडते ती अशा खोलीत. तिथे मुलगा काय शिकतो, कोणासाठी शिकतो, हा संशोधनाचा प्रश्न व्हायला हवा.

जमाखर्च

निशिगंध, शुल्काला माझा विरोध नाही. 'शुल्कामुळे शाळा चालते' या विधानाला आहे. कालक्रम पाहा. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ मध्ये सुरू झाली, तिचा खर्च भारताने उचलला, आणि आधुनिक शाळा त्याच दशकात पसरल्या. कॅनडाचे जेझुइट धर्मगुरू फादर विल्यम मॅकी १९६३ मध्ये तिथे पोचले आणि पूर्वेकडे कांगलुंगला शेरुब्त्से हे विद्यालय उभे राहिले. मोठ्या संख्येने शिक्षक भारतातून गेले. हे सारे पहिला पर्यटक येण्याच्या आधीचे आहे. पुढे चुखा आणि ताला हे जलविद्युत प्रकल्प झाले, त्यांची वीज भारताला विकली जाऊ लागली आणि तिजोरीचा मोठा आधार तीच ठरली.

शुल्काची रक्कम याच तिजोरीत जाते. तिथे विजेचा रुपया, मदतीचा रुपया आणि पर्यटकाचा रुपया वेगळे ओळखता येत नाहीत. मग सरकारी माहितीपत्रकातले एक वाक्य संशोधकाने निष्कर्ष म्हणून का उतरवून घ्यावे? आपल्याकडचे विद्यार्थी भूतानसारख्या लहान देशाबद्दल लिहिताना इतके भारावलेले असतात, की आपल्याच जिल्हा परिषदेच्या ताळेबंदाला जे प्रश्न विचारतील, ते तिथे विचारत नाहीत. हे मला मनापासून खटकते.

नावाडी

मालदीवशी तुलना केल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. तिथे १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट निघाले, आणि पुढची अनेक वर्षे धोरण असे राहिले, की रिसॉर्ट निर्जन बेटांवर बांधायची आणि वस्तीची बेटे पर्यटकांपासून लांब ठेवायची. पैसा भरपूर आला. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक आले आणि लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. पण रिसॉर्टमध्ये काम म्हणजे घर सोडून त्याच बेटावर राहणे. त्यामुळे स्थानिक मुली शिकल्या तरी या नोकऱ्यांत फार कमी दिसतात, आणि तिथल्या अभ्यासकांनी हे वारंवार मांडले आहे. चांगल्या शाळेसाठी कुटुंबेच्या कुटुंबे लहान बेटे सोडून राजधानी मालेला येतात, ते वेगळेच.

२००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांना परवानगी मिळाली. आता माफुशीसारख्या बेटावर घरातलीच मुलगी आरक्षणे सांभाळू शकते, पाहुण्यांशी इंग्रजीत बोलते, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी असते. माझ्या मते शिक्षणाचा उपयोग असा गावातच होतो. भूतानसारखे शुल्क लावून गर्दी रोखली, तर छोट्या हॉटेलवाल्याच्या हाती काय उरते? भूतानमध्ये भारतीय पर्यटक प्रामुख्याने त्याच्याकडेच उतरत असे.

पारिजात

मी पूर्व भूतानमधल्या त्राशिगांग भागातल्या एका शाळेत दोन वर्षे गणित शिकवले आहे, म्हणून जमाखर्च आणि नावाडी या दोघांशीही माझा मतभेद नोंदवतो.

पर्यटक जातात ते पारो, थिंफू, पुनाखा या पश्चिमेकडच्या खोऱ्यांत. पूर्वेकडे फार थोडे पोचतात. माझ्या नववीच्या वर्गातल्या कित्येक मुलांनी परदेशी पर्यटक जवळून पाहिलेलाही नव्हता, तरी त्यांची पुस्तके, वसतिगृहातले जेवण आणि माझा पगार ही राज्याचीच जबाबदारी होती. पैसा एका तिजोरीत मिसळतो, हा जमाखर्च यांना दोष वाटतो. मला तोच त्याचा गुण वाटतो. अतिथीगृहाची कमाई ज्या बेटावर पाहुणा उतरला, मुख्यतः त्या बेटावरच राहते. पारोला भरलेले बाराशे रुपये त्राशिगांगच्या मुलापर्यंत पोचू शकतात, ते मिसळतात म्हणूनच.

दुसरा मुद्दा इंग्रजीचा. भूतानने १९६० च्या दशकात शाळेचे माध्यम इंग्रजी केले. त्याच इंग्रजीवर मुलगा पारोला गाईड होतो, आणि त्याच इंग्रजीवर ऑस्ट्रेलियाचा व्हिसाही मिळवतो. माझे दोन सहकारी एकाच सत्रात पर्थला गेले. त्यानंतर सातवी आणि आठवीचा गणिताचा तास मी एकत्र घेत असे. फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ मारायची, डावीकडे अपूर्णांक, उजवीकडे समीकरणे. २०१९ मध्ये शिक्षकांचे पगार त्याच श्रेणीतल्या इतर सरकारी नोकरांपेक्षा वर नेण्यात आले, तरी ही गळती थांबली नाही. पर्यटनाने शाळेला पैसा दिला का, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे, की शिकलेल्या माणसाला देशात थांबवण्याइतके काम पर्यटन देऊ शकले का.

जमाखर्च

पारिजात, पैसा मिसळण्याबद्दलचा तुमचा मुद्दा मी मान्य करतो. मी तसा विचार केला नव्हता. पण त्यातूनच एक कसोटी निघते. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२२ या काळात भूतानची सीमा बंद होती आणि पर्यटनाचे उत्पन्न जवळपास शून्यावर आले. तरीही शिक्षण मोफतच राहिले. शाळा शुल्कावर उभी असती, तर ती त्या अडीच वर्षांत डळमळली असती. पुढे भारतीय वगळता इतर परदेशी पर्यटकाचे शुल्क दिवसाला २०० डॉलर झाले आणि वर्षभरातच, सप्टेंबर २०२३ मध्ये, ते १०० डॉलरवर आणावे लागले. इतक्या चढउतारांच्या उत्पन्नावर कोणतेही शहाणे सरकार शाळा चालवणार नाही, आणि भूतानचे सरकार शहाणे आहे, असे मी आदराने म्हणतो.

निशिगंध

जमाखर्च, तुमचा युक्तिवाद मला पटला आणि त्यामुळे माझे मूळ विधान मी बदलते. शुल्कामुळे शाळा चालते, असे म्हणता येणार नाही. शुल्क तरीही योग्य आहे, कारण गर्दीला आवर घालणे हे त्याचे पहिले काम आहे आणि २०१९ सारखी गर्दी त्या अरुंद खोऱ्यांना झेपणारी नाही. नावाडी यांच्या छोट्या हॉटेलवाल्याचे नुकसान खरे आहे, पण ते भरून काढायला शुल्क रद्द करण्यापेक्षा अन्य मार्ग आहेत.

मात्र त्या अडीच वर्षांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. तुम्ही तिजोरी पाहता, मी घर पाहते. गाईडचे काम गेले, कोणी शेतीकडे वळले, कोणी बांधकामावर गेले. त्या घरातल्या दहावीच्या मुलाने बापाची दशा पाहून पुढचे काय ठरवले असेल? भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकाच्या नऊ क्षेत्रांत शिक्षण हे एक आहे. त्यात साक्षरता आणि शाळेची वर्षे मोजतात, शिवाय माणसाला स्थानिक दंतकथा, पारंपरिक गाणी आणि गावचा त्सेचू उत्सव किती ठाऊक आहे, हेही विचारतात. म्हणजे ज्या त्सेचूसाठी पर्यटक येतो, त्याची जाण हा तिथे शिक्षणाचाच भाग मानला आहे. अशी मोजपट्टी आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही, आणि तिचा उपयोग पर्यटनाच्या अभ्यासात व्हायला हवा.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, 'पर्यटन शुल्काचा शिक्षणासाठी उपयोग होतो असे आपणास वाटते का?' या चर्चेनंतर आम्ही तो काढून टाकला. आता प्रश्न असा आहे: 'टाळेबंदीच्या काळात आपल्या घरातील पर्यटनावरचे काम थांबले असल्यास, त्या वर्षी शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने पुढे काय केले?' पारिजात, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पारो किंवा थिंफूला काम करत असेल, तर या प्रश्नाची भाषा त्यांना एकदा वाचून दाखवाल का? 'टाळेबंदी' या शब्दासाठी तिथली मुले इंग्रजीतला शब्द वापरतात की झोंखा या तिथल्या राष्ट्रभाषेतला, हेही आम्हाला समजून घ्यायचे आहे.