मॉन्टगोमेरीचा खटला आणि त्यातील फिर्यादी स्त्रिया

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांच्यावरील खटल्यामुळे तेथील बसगाड्यांमधील वर्णभेद संपला, असे म्हटले जाते. १ डिसेंबर १९५५ रोजी झालेल्या त्यांच्या अटकेने कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसगाड्यांवर टाकलेल्या बहिष्काराला तोंड फुटले, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या खटल्याने बसगाड्यांतील वर्णभेदाचा कायदा मोडीत निघाला, त्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यात पार्क्स फिर्यादी नव्हत्या. त्यांचे फौजदारी प्रकरण अलाबामाच्या न्यायालयांतच रखडेल, हे ओळखून वकील फ्रेड ग्रे यांनी फेब्रुवारी १९५६ मध्ये थेट संघराज्याच्या न्यायालयात स्वतंत्र दावा दाखल केला. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ या चौघी त्यात अखेरपर्यंत टिकून राहिल्या. पाचव्या फिर्यादी स्त्रीला मात्र दबावाखाली माघार घ्यावी लागली. त्या काळच्या अलाबामात अशा दाव्याला आपले नाव देणे म्हणजे नोकरी आणि जीव दोन्ही पणाला लावणे होते, आणि म्हणूनच या नावांचा उल्लेख मला अत्यावश्यक वाटतो.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दाव्यात खालच्या न्यायालयाने वर्णभेदाविरुद्ध दिलेला निकाल कायम केला आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार डिसेंबरमध्ये मागे घेण्यात आला. कॉल्व्हिन यांनी तर पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, अवघ्या १५ व्या वर्षी जागा सोडण्यास नकार दिला होता, आणि त्या अटकेची न्यायालयीन नोंद पुसली जाण्यासाठी त्यांना २०२१ पर्यंत थांबावे लागले.