ड्रॉइंगमधलं ‘स्केल’ : प्रमाण, माप की पट्टी?

डोंबिवलीकर: आयटीआयला आरेखक स्थापत्य करतोय, वर्गातल्या पोरांसाठी मराठीत नोट्स काढतोय आणि स्केलवर अडलोय. हातातली पट्टी पण स्केल, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १:१०० लिहितात ते पण स्केल, ऑटोकॅडची (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची) कमांड पण स्केलच. सगळीकडे ‘प्रमाण’ लिहिलं तर चालेल का? आणि युनिटला एकक लिहू की परिमाण?

परळकर: सगळीकडे नको रे. १:१०० ते प्रमाण, शाळेच्या भूगोलात नकाशाला हाच शब्द आहे. पट्टीला पट्टीच म्हण. कमांडला स्केल कमांडच राहू दे, कारण ती काढलेल्या वस्तूचं मापच बदलते, आणि कॅडमध्ये तर ३ मीटरची भिंत ३००० एमएमच काढायची असते, प्रमाण लावायचं ते नंतर शीटवर व्ह्यूपोर्टला, म्हणजे ड्रॉइंग ज्या चौकटीतून दिसतं तिला, हे दोन एकाच शब्दात कोंबलंस तर पोरं भिंतच छोटी करून बसतील.
युनिट म्हणजे एकक. परिमाण कोणी एककासाठी वापरतं कोणी मापासाठी, म्हणून मी टाळतो.
आणि हे ठळक लिही, प्रमाणाला एकक नसतं. १:५० म्हणजे एमएमला ५० एमएम, इंचाला ५० इंच. जुन्या ड्रॉइंगवर ‘पाव इंचाला एक फूट’ असतं त्याला साइटवर सर्रास १:५० म्हणतात, पण ते आहे १:४८. ६ मीटरची खोली त्यात १२५ एमएम येते, ती १:५० च्या पट्टीने वाचलीस की सव्वासहा मीटर! पाव मीटर कुठून आणणार? सुतार तर अजून सुतात बोलतो, इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ एमएम, तेही नोट्समध्ये हवंच.

डोंबिवलीकर: भारी दादा. आणि ‘मोठ्या स्केलवर काढ’ म्हणतात ते १:२०० की १:२०?

परळकर: १:२०. अपूर्णांक म्हणून वाच, विसावा भाग दोनशेव्या भागापेक्षा मोठाच ना. पण मराठीत ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हटलं की भरपूर असाच अर्थ लागतो, त्यापेक्षा ‘डिटेल १:२० ला काढ’ असं सरळ लिही.

गोरेगावकर: एक शब्द राहिला, रेषाप्रमाण, म्हणजे अंतराच्या खुणा केलेली शीटवरची रेषा. मुंबईत फोर्टातनं ए-१ आकाराची शीट ए-३ च्या लहान कागदावर छापून आणतात साइटवर न्यायला सोपी म्हणून, तेव्हा सगळं निम्मं होतं, १:१०० चं १:२०० झालेलं असतं आणि कोपऱ्यात मात्र १:१०० च छापलेलं. शीटवर रेषाप्रमाण काढलेलं असेल तर ते चित्राबरोबरच लहान होतं, त्यावरून माप बरोबर निघतं. फक्त त्या रेषेवर ०, १, २, ५ नुसतं नको, शेवटी ‘मीटर’ लिहायचंच.

डोंबिवलीकर: घेतलं. तिन्ही शब्द वेगळे ठेवतो, सूत आणि रेषाप्रमाण आकृतीसकट टाकतो.